गॅलरीतली तबकडी

रविवार, १२ जानेवारी

ही डायरी द्राक्षाच्या औषधवाल्यांनी पॅकहाउसला वाटली. बाकीच्या बायांना नको होती म्हणून मुकादमाने माझ्या हातात कोंबली. प्रत्येक पानाखाली एक रोग छापलाय. आजच्या पानावर भुरी.

अंजली म्हणते, "मम्मी, तू बोलतेस ते तुलाच मागून आठवत नाही. लिहून ठेव." चौथी शिकलेल्या आईला पोरगी गृहपाठ देते. देऊ दे.

सुरुवात दिवाळीत झाली. अंजलीने टीव्हीवर एक जुना इंग्रजी पिक्चर लावला होता. भलीमोठी पाल शहर खाते, असा. मी मेथी निवडत होते. पाल पुठ्ठ्याची, शेपटीला चिकटपट्टी. मी म्हटलं, "ही शहर काय खाणार, एक सर आली तर हिचाच लगदा होईल." पोरीने गुपचूप माझे मेथीतले हात आणि माझा आवाज मोबाइलमध्ये धरला आणि टाकला सगळीकडे. तेव्हापासून दर रविवारी दुपारी हेच. समोर पिक्चर, पुढ्यात भाजी, अंजली मोबाइल धरून. "मालनकाकू पिक्चर बघतात" असं नाव दिलंय. उपग्रह, परग्रह, राक्षस, किरण मारणाऱ्या बंदुका, असलेच पिक्चर निवडते. जितका भिकार तितका बरा.

मला वेगळं काही करावं लागत नाही. पिंपळगावला पॅकहाउसमध्ये मी अकरा वर्षं द्राक्षाचे घड साफ करते. घड हातात आला की मला चांगले मणी दिसतच नाहीत. किडका, फुटका, सुरकुतलेला तेवढा दिसतो. कात्री लागली की गेला. पिक्चरचंही तसंच.

अंजलीचे पप्पा दुपारी घरी होते. जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देतात, त्या दुकानाला रविवारी सुट्टी. पिक्चर चालू असताना मागून आले, खुर्ची हाताने दोनदा झटकली आणि बसले. ह्यांची ही सवय माझ्या डोक्यात जाते. खुर्ची असो, पाट असो, देवळाची पायरी असो, दोनदा झटकल्याशिवाय टेकणार नाहीत. मी रोज पुसते ती खुर्ची. पण बोलून उपयोग नाही. हे काही बोलतच नाहीत, तर भांडायचं कोणाशी?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पॅकहाउसला तिळगूळ वाटले. "गोड बोला," मुकादम म्हणाला. मी म्हटलं, "मी गोड बोलले तर अंजलीचं दुकान बंद पडेल." टेबलावरच्या सगळ्या हसल्या. वत्सलाबाई मालेगावकडची, तिला विनोद दोन घड उशिरा कळतो. ती मागून एकटीच हसली.

घरी ह्यांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. म्हणाले, "तू पण." एवढंच.

रविवार, २६ जानेवारी

आजच्या पिक्चरमध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि मागून कोंबडा आरवला. माझ्या हातातला वाटाणा उडाला. मी म्हटलं, "चंद्रावर हवा नाही म्हणतात, पण पहाट होते वाटतं." मग मुंग्या आल्या, बैलाएवढ्या. त्यांच्या पोटाखाली माणसांचे पाय, एकाच्या पायात चक्क पिवळे मोजे. अंजलीच्या हातात मोबाइल हलायला लागला इतकी हसली.

मध्येच ह्यांच्या भावाचा फोन आला, सटाण्याकडून. हे गॅलरीत गेले, दार लावलं आणि तिकडे बोलले. नेहमीचं आहे. लग्न झालं तेव्हा हे घरात अहिराणी बोलायचे. "आहे"ला "शे". हे शे, ते शे. मला हसू फुटायचं. माझं माहेर मखमलाबादचं, आमच्याकडे असलं कोणी बोलत नाही. मी नक्कल करायचे, माझ्या बहिणी आल्या की त्यांच्यासमोरही करायचे. अंजली झाल्यावर तर स्पष्टच सांगितलं, पोरीसमोर शे-शे नको, शाळेत हसतील तिला. ह्यांनी सोडून दिलं. आता मराठी इतकी स्वच्छ बोलतात की कोणाला खरं वाटणार नाही. माझ्यामुळेच वळण लागलं ते.

गॅलरीत कबुतरांनी पुन्हा घाण केली. तिथे सीडीची एक जुनी तबकडी दोऱ्याने टांगलीय, चमकली की कबुतरं बिचकतात. मखमलाबादला द्राक्षाच्या बागेत पाखरांसाठी टांगतात तशी. आता ऊन लागून तिची चमक गेलीय. फेकू म्हटलं तर पप्पा फेकू देत नाहीत. घर बदललं तेव्हाही दोऱ्यासकट खोक्यात घालून इकडे आणली. ह्या माणसाला कशात जीव गुंतवावा ते कळत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज मजा आली. कोणीतरी अंजलीला एक मराठी पिक्चर पाठवला. नाव "तबकडीतला पाहुणा". चोवीस वर्षांपूर्वी इथेच नाशिकला केलेला. कोणी नवनाथ म्हणून चित्रकलेचे मास्तर होते, त्यांनी. थेटरात कधी लागलाच नाही म्हणे, सीडीच्या तबकड्या काढून वाटल्या होत्या.

उडती तबकडी म्हणजे मंडपवाल्याच्या जिलबीच्या दोन कढया, एकावर एक पालथ्या. कडेला गणपतीतली लाइटची माळ. उतरते कुठे, तर गंगापूर धरणाच्या सुकलेल्या गाळात. शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मिक्सर. दाबलं की शुक्राशी संपर्क होतो. मी म्हटलं, "माझ्या मिक्सरचा एवढा आवाज येतो, तरी अजून वरच्या मजल्याशीसुद्धा संपर्क झाला नाही." शास्त्रज्ञ बोलायला लागला तेव्हा ऊन डोक्यावर, आणि वाक्य संपलं तेव्हा दिवेलागणीची वेळ.

पण खरा माल म्हणजे पाहुणा. अंगात हिरवं रेक्झिन, त्यावर ठिबकच्या नळ्या शिरांसारख्या चिकटवलेल्या. डोक्यावर पिंपासारखं काहीतरी उलटं घातलेलं, डोळ्यांना दोन भोकं. आणि पाठीवर फवारणीचा पंप. "भुरीचं औषध मारायला आलाय हा, शुक्रावरून रोजंदारीने," मी म्हटलं. चालतो असा की बुटात पाणी भरलंय. गावातले लोक पकडून आणतात, बस म्हणतात, तर हा दगड दोनदा झटकून मग बसतो. मी म्हटलं, "परग्रहावरचा असला म्हणून काय झालं, आईने वळण लावलंय."

मग नायिका पाणी देते आणि हा बोलतो. घुमणाऱ्या आवाजात, पिंपातून. तीनदा मागे नेऊन ऐकलं मी. "मंघल्लांबशे… मिबोस्तंबाकूहास… मंग्मिबोतनै." मी म्हटलं, "तंबाखू मागतोय ग तो. एवढ्या लांबून आला, शुक्रावर मिळत नसेल. अगं बाई, पाणी काय देतेस, चुना आण." अंजली हसून हसून खाली बसली. मला स्वतःलाही आवरेना, डोळ्यातून पाणी आलं. मग मी त्या पाहुण्याची नक्कल केली, पातेलं डोक्यावर घेऊन. "तंबाकू हास? तंबाकू हास?"

पप्पा मागे उभेच होते. बसले नव्हते. म्हणाले, "हे नको टाकू."

मी म्हटलं, "का? तुमच्या मामाचा आहे का पिक्चर?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही." आणि चप्पल घालून खाली गेले. अंजलीने विचारलं, "टाकू ना?" मी म्हटलं, टाक.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तीन दिवसांत पाच लाख लोकांनी पाहिलं. आडगाव नाक्यावर पॅकहाउसच्या गाडीची वाट बघत होते तर रिक्षावाला म्हणतो, "काकू, तंबाकू हास?" पॅकहाउसला मुकादम तेच. पोरी डोक्यावर रिकामी क्रेट घालून एकमेकींना तेच. आज घड कमी साफ झाले, हसणं जास्त.

पप्पा सकाळच्या गाडीने गावी गेले. भावाच्या कांद्याची काढणी आहे म्हणाले. ह्या चोवीस वर्षांत काढणीला कधी गेले नव्हते. दुकानात मोटारींचा ढीग पडलेला, तो टाकून गेले. मी डबा करून दिला. डबा घेतला, "येतो" म्हणाले. मी घाईत होते, गाडी चुकली असती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ह्यांचा फोन येत नाही. मी केला तर, "हो. बरं आहे. अजून आठ दिवस." बस. फोनवर पैसे पडत नाहीत आता, तरी शब्द मोजून.

आज त्या नवनाथ मास्तरांचाच फोन आला अंजलीला. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. फोन माझ्या कानाला लावला तिने. म्हातारा आवाज. म्हणाले, "ताई, कढया अगदी बरोबर ओळखल्यात तुम्ही." आणि हसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. उलट आनंदातच होते. चोवीस वर्षांनी का होईना, पिक्चर लोकांनी पाहिला, म्हणाले.

मी विचारलं, तो पाहुणा झालेला नट कोण हो?

म्हणाले, "नट कसला, ताई. जो ठरवला होता तो रेक्झिन अंगाला लागलं आणि पुरळ उठलं म्हणून पळाला. मंडपवाल्याकडचा लाइटवाला होता एक. अबोल पोरगा. म्हटलं तू घाल, तर घातलं. मे महिन्यात चार दिवस ते पिंप डोक्यावर घेऊन बसला, एका शब्दाने कुरकुरला नाही. नाव विसरलो बघा त्याचं. नुकतंच लग्न झालेलं. तो भेटला तर मला त्याला नमस्कार करायचाय."

"आणि ते तंबाखूचं तुम्ही लिहिलंत?"

"मी काहीच लिहिलं नव्हतं. म्हटलं, दुसऱ्या जगातला आहेस, तुझ्या मनात येईल ते बोल, कोणाला काय कळतंय. त्याने विचारलं, खरंच कोणाला कळणार नाही ना? म्हटलं, नाही रे. मग एका दमात बोलला."

म्हातारा चांगला आहे. लाइटवाल्याची मात्र गंमतच. असली कामं करणारी माणसं कशी असतील, आणि त्यांच्या बायका काय म्हणत असतील.

आमचे हे पण तेव्हा मंडपवाल्याकडे लाइटचं काम करायचे. ओळखतही असतील त्याला. आले की विचारते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

लिहू का नको. लिहिते.

दुपारी जेवायच्या सुट्टीत पोरींनी पुन्हा तेच लावलं मोबाइलवर. पाहुणा दगड झटकून बसला, बोलला. पोरी लागल्या ओरडायला, तंबाकू हास. वत्सलाबाई माझ्या शेजारी भाकरी खात होती. तिने अजून पाहिलंच नव्हतं, तिचा मोबाइल साधा. मी म्हटलं हिला दोन घड उशिरा हसू येईल. ती हसलीच नाही. म्हणाली, "परत लाव ग ते."

परत लावलं. तिने घास खाली ठेवला.

"तंबाकू नाय वं माय. ह्यो आमच्याकडचा बोलतोय."

"कुठला तुमच्याकडचा?"

"अहिरानी शे ना ती." मग ती हळूहळू एकेक शब्द सोडवून बोलली, गाठ सोडवतात तसं. "मनं घर लांब शे. मी बोलस तं… बायको हासस. मंग मी बोलत नही."

एका पोरीने विचारलं, म्हणजे काय?

वत्सलाबाई म्हणाली, "माझं घर लांब आहे. मी बोललो तर बायको हसती. मग मी बोलत नाय." आणि भाकरीचा तुकडा उचलला. "बिचारा. कोन असंल."

तं बायको. तंबाकू.

दुपारनंतर मी चांगले मणी कापून टाकत होते. मुकादम ओरडला तेव्हा कळलं.

शुक्रवारच, नंतर

घरी येऊन अंजलीला पिक्चर लावायला सांगितला, आवाज बंद करून. ती म्हणाली, परत कशाला? मी म्हटलं, लाव.

आवाज नसला की ते पिंप, तो पंप, काही दिसत नाही. माणूस दिसतो. चालताना उजवा खांदा जरासा खाली. पाणी प्यायला दिलं तर पेला दोन्ही हातांनी धरतो. दगड झटकतो, एकदा, दोनदा, मग टेकतो.

अंजली माझ्याकडे बघायला लागली. मग पडद्याकडे. तिच्या तोंडून एवढंच आलं, "मम्मी."

मी गॅलरीत गेले. तबकडी दोऱ्यावरून उतरवली. ऊन-पाण्याने पार पांढरी पडलीय, अक्षर नाही काही. दोऱ्याची गाठ सोडली. तिच्याखाली बोटभर जागेला चोवीस वर्षं ऊन लागलं नव्हतं. तिथे हिरव्या रंगात "पा" आहे आणि हुच्या अर्ध्यापर्यंत दिसतं.

मला आठवलं सगळं. ते वर्ष, पावसाळा सरता सरता. हे घरी आले, हातात ही. मला म्हणाले, "बघ." आमच्याकडे बघायचं यंत्र नव्हतं. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "फुकट मिळाली वाटतं. बरं झालं, कबुतरांनी वैताग आणलाय." आणि घेतली हातातून, टांगली.

ह्यांनी तेव्हा गाठ मारायला मला स्टूल धरलं होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज भाजी निवडली नाही. अंजलीने व्हिडिओ काढून टाकला, पण उपयोग काय, लोकांनी आपापल्या मोबाइलवर उतरवून घेतलाय, त्यावर नाच केलेत, एकाने दुकानाच्या पाटीवर लिहिलंय. सुटलेल्या बैलामागे रिकामं दावं घेऊन पळायचं, तसं आहे हे.

अंजली रडली. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेल्यात तिला दहा-बारा जणांनी अहिराणीत लिहिलं होतं. तिला वाटलं, तेही तंबाखूचीच मजा करतायत. तिला कुठून येणार ती भाषा. मीच येऊ दिली नाही.

म्हणाली, "मम्मी, आपण एक व्हिडिओ करू. तू माफी माग. लोकांना आवडेल."

मी म्हटलं, "लोकांना आवडेल म्हणूनच करायचं नाही."

पॅकहाउसला कळलं तर काय, रिक्षावाल्याला कळलं तर काय, याचं मला काही नाही. मी घाबरतेय ते वेगळ्याला. हे परत आले नाहीत तर काय, असं वाटत नाहीये मला. हे येतील. खुर्ची झटकून बसतील. आणि तसंच चालू राहील. त्याची भीती वाटतेय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पॅकहाउसला दांडी मारली आणि आडगाव नाक्यावरून सटाणा गाडी पकडली. रोजचं पिंपळगाव खिडकीतून मागे गेलं. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच मी ते मागे टाकून पुढे चालले होते. सासरी मी लग्नात गेले, सासू वारली तेव्हा, आणि मध्ये दोनदा. दर वेळी दुसऱ्या दिवशी परत. करमत नाही म्हणायचे.

सटाण्यातून पुढे जीप. गावात उतरले तेव्हा दुपार कलली होती. घराच्या अलीकडे गल्लीतच मला हसण्याचा आवाज आला. पाच-सहा माणसं, बाया, पोरं. ओट्यावर कोणीतरी सांगत होतं आणि सगळी हसत होती. मी भिंतीशी थांबले, म्हटलं कोण नकलाकार आलाय शिवरात्रीला.

आवाज ह्यांचा होता.

मला अर्धंच कळलं. पिक्चरचं सांगत होते. ते पिंप डोक्यावर कसं अडकलं आणि काढायला तिघं कसे लागले. बुटात घाम साचला, चालताना पच-पच वाजायचं. "मास्तर म्हने, शुक्रवर घाम येस नही, पुशी टाक." मास्तरांचा आवाज हुबेहूब, म्हातारपणाआधीचा. मग उठून चालून दाखवलं. मग जिलबीच्या कढईचं. संध्याकाळी मंडपवाला कढया मागायला यायचा, लग्नाचं काम असायचं, म्हणून तबकडी रोज दुपारी साडेतीनच्या आत शुक्रावर परत जायची. एक म्हातारी पदर तोंडात घालून हसत होती. पुंजारामभाऊ, ह्यांचे मोठे भाऊ, खांबाला धरून हसत होते.

मी अकरा वर्षं टेबलावर बायांना हसवते. लाखभर लोक मला ऐकतात. माझ्यापेक्षा ह्यांना चांगलं येतं. पुढचं वाक्य कधी टाकायचं, कुठे थांबायचं, सगळं. चोवीस वर्षं एका घरात राहिले मी ह्या माणसाबरोबर.

जाऊबाई पाण्याचा हंडा घेऊन मागून आली, म्हणाली, "भाईर काबं उभी? ये ना. गोटीराम उना तसं आठे कोनी झोपत नही. तेनं तोंडच थांबस नही." गोटीराम म्हणजे हे. हे आल्यापासून इथे कोणी झोपत नाही म्हणे, इतकं बोलतात.

तेवढ्यात ह्यांनी मला पाहिलं. बोलणं तिथेच तुटलं. उभे होते तसे खाली उतरले. "कधी आलीस? अंजली बरी आहे ना?" म्हणाले. टीव्हीवर बातम्या देतात तसं, स्वच्छ.

पोरं पांगली. पुंजारामभाऊंनी सगळ्यांना काही ना काही काम सांगितलं. ह्यांनी ओट्यावरची जागा हाताने झटकली, दोनदा. स्वतःसाठी नाही. "बस."

मी बसले. घरातून निघताना पुष्कळ जुळवलं होतं, त्यातलं एक आठवेना. म्हटलं, "मला माहीत नव्हतं ते तुम्ही होता."

"माहीत असतं तर हसली नसतीस?"

खोटं बोलता येईना. "हसले असते," मी म्हटलं.

"मग."

गोठ्यात शेळी ओरडत होती. मी म्हटलं, "मला तंबाकू ऐकू आलं."

"पिंपात बोललो होतो. कोणालाही तेच ऐकू आलं असतं."

"वत्सलाबाईला नाही आलं."

ह्यांनी ओट्यावरची कांद्याची पात उचलून खाली टाकली. मग म्हणाले, "पिक्चर भिकारच होता. तू बोललीस ते सगळं खरं आहे. पंपाचं तर मला आधी सुचायला हवं होतं." असं म्हणून हसले जरासे. मला ते हसू सोसलं नाही.

मी विचारलं, "मघाशी सांगत होता ते मला सांगाल का? पुढचं?"

"झालं सांगून. एवढंच होतं," म्हणाले.

संध्याकाळच्या जीपने परत निघाले. थांब म्हणाले, पण पाहुण्याला म्हणतात तसं.

मंगळवार, ४ मार्च

रोज जेवायच्या सुट्टीत वत्सलाबाईपाशी बसते. ती शिकवते. देस म्हणजे देते, लेस म्हणजे घेते, मग जास, येस. मी म्हणते, ती हसते. आता लगेच हसते, दोन घड थांबत नाही. "तुनी जीभ लाकडाची शे," म्हणते. पोरीही हसतात. मी शब्द गिळते आणि हात चालू ठेवते. दोन दिवस झाले नाहीत तोवर नको ते बोलणं, असं झालंय मला. ह्यांनी माझ्यासमोर किती दिवस काढले असतील गप्प बसायच्या आधी?

अंजलीचं चॅनेल बंद आहे. लोक विचारतात काकू कुठे गेल्या. काकू शाळेत गेल्या म्हणून सांग, मी म्हटलं.

रविवार, ९ मार्च

काल हे आले. दुकानदाराचे फोन चालू होते, म्हणून असेल. हात कांद्याने काळे, तोंड उन्हाने रापलेलं. अंजली गळ्यात पडली, ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने मास्तरांचा निरोप सांगितला, नमस्काराचा. "जाऊ एकदा," म्हणाले.

तबकडी मी धुऊन, सुती कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती, लग्नाच्या शालूशेजारी. मला वाटलं, विचारतील तेव्हा काढून दाखवीन. पंधरा दिवसांत कबुतरांनी गॅलरीचा उकिरडा केलाय, मी मुद्दाम दुसरं काही टांगलं नव्हतं.

आज सकाळी हे गॅलरीत उभे राहिले, वर रिकाम्या खिळ्याकडे बघत. "तबकडी कुठंय?"

मी आणून दिली, कपड्यासकट. ह्यांनी कपडा उलगडला, ती उलटीपालटी केली. तो "पा" पाहिला. खिशातून तारेचा तुकडा काढला, मोटार भरायची तांब्याची तार, आणि ओवली भोकातून.

मी म्हटलं, "राहू द्या ना कपाटात."

"कशाला? इथे कामाला तरी येते," म्हणाले आणि स्टूल ओढलं. चोवीस वर्षांपूर्वी ह्यांनी धरलं होतं तसं आज मी धरलं.

मग आत येऊन खुर्ची झटकली आणि बसले. "चहा देतेस?"

मी ओट्याशीच उभी होते, पाठ ह्यांच्याकडे. आठ दिवस घोकलेलं होतं. म्हटलं, "देस शे."

मागून खुर्ची कुरकुरली. मग हळू, "देस शे नही. नुसतं देस."

किती वर्षांनी माझी चूक काढली ह्या माणसाने. मी वळले नाही, वळले असते तर बंद झाले असते. चहा गाळला, कप आणून ठेवला आणि मुद्दाम पुन्हा चुकले. म्हटलं, "साखर टाकस शे?"

ह्यांनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मुद्दाम चुकलेय हे ह्यांना कळलं. "नको," म्हणाले, मराठीत, आणि प्यायला लागले.

गॅलरीत तबकडी फिरत होती. चमक नाही तिला आता. एक कबूतर कठड्यावर येऊन बसलं तिच्याशेजारी, अजिबात न घाबरता. आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि दोघांपैकी कोणी उठून त्याला हाकललं नाही.